फिदेन्सियोचा डावा तळपाय

फ्रेस्नोच्या गजबजलेल्या दवाखान्यात माझ्या शेजारी द्राक्षमळ्यात काम करणारं म्हातारं जोडपं बसलं होतं. फिदेन्सियोच्या डाव्या पायाला बँडेज, ऑब्दुलियाच्या मांडीवर त्याचा बूट.

"पाय हलवू नकोस, म्हाताऱ्या. रिपोर्ट येईल."

"चाळीस वर्षं द्राक्षं तोडली. पूर्ण बाह्या, टोपी, तोंडाला रुमाल. आणि कातडीचा कॅन्सर कुठे, तर तळपायाला! तिथे ऊन कधी पोचलं?"

"तीन वर्षं म्हणत होतास, बूट चावलाय."

"आपल्या सावळ्या कातडीला हे होत नाही, असंच सगळे म्हणायचे. आधीचा डॉक्टरसुद्धा म्हणाला, चामखीळ आहे."

"रोज मालिका बघायला बसलं की टीव्हीच्या आड येतात टेबलावर पसरलेले तुझे उघडे पाय. तो डाग वाढतोय, ते मलाच दिसलं."

"म्हणजे माझ्या आळसाने मी वाचलो!"

"अजून वाचला नाहीस. थोडा जरी उरला असला तर पुन्हा कापणार. मग नातीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या मोठ्या सोहळ्यात तिच्याबरोबर कोण नाचणार?"

तेवढ्यात नर्स आली. "आजोबा, सगळा निघाला. कुठे पसरलेला नाही."

"म्हणजे नाचू?"

"टाके काढल्यावर खुशाल नाचा."

"ऑब्दुलिया, रडतेस काय?"

"कोण रडतंय? आणि तुम्ही सगळे काय बघताय? काढा बूट! तळपाय बघा आपापले!"

"मोजेपण, मावशी?" मी विचारलं.

"मोज्यांतून दिसतं का काही?"

आम्ही सगळ्यांनी काढले.

"अगं आई गं! म्हाताऱ्या, खिडकी उघड! कॅन्सरमधून वाचलास, आता यांच्या मोज्यांनी जाशील."