लोणारची गाडी आणि हार्पचे तीन ढंग

मेहकरच्या स्टँडावर जयमालाबाई लोणारच्या गाडीची वाट पाहत होत्या. खिडकीतून टाकून जागा धरायचा रुमाल मुठीत तयार होता. शेजारच्या बाकावर एक पोरगी मांडीवर लहानसं हार्प घेऊन बसली होती, आणि एक म्हातारी काही तिला सोडत नव्हती.

"हे काय व्हय, माय?"

"हार्प हाये आजी, तारायचं वाद्य."

"वाजव बरं."

"हा फ्रान्सकडचा ढंग. पाणी झिरपल्यासारखा."

"याच्यानं त झोप येते. दुसरा?"

"हा आयर्लंडचा. लोकं नाचतात याच्यावर."

"हाव, माहे बी पाय हालले! आजून?"

"हा पॅराग्वेचा. मले हाच जास्त आवडते. डावा हात ठेका धरते, उजवा नुसता पळते."

"मंग जोरात वाजव. समद्यायले आयकू दे."

भोवती ही गर्दी जमली. जयमालाबाईही पुढे घुसून मान डोलवू लागल्या.

"झालं, आजी. कोनता आवडला?"

"शेवटचा. लय लंबा होता. गाडी लागली, तरी कोनी मान वळवली नाही. आमच्या बुढ्यानं तीन रुमाल टाकले. माहा, त्याचा अन् तुहा. चाल!"

जयमालाबाई लोणारपर्यंत उभ्याच गेल्या, मुठीतल्या रुमालानं घाम पुसत.