साधं पाणी नापास

…आणि परत मशीनलाच नावं! तुम्हाला सांगतो, भाजीवर फवारलेल्या औषधाचा अंश किती उरलाय ते शोधणारं मशीन आहे आमच्या प्रयोगशाळेत, आणि मी ते चालवतो, म्हणजे त्याचे नखरे सहन करतो. एक पंप, पंपापुढे बोटभर स्टीलची नळी, तिला कॉलम म्हणतात, त्यातून भाजीचा अर्क जातो आणि पडद्यावर रेघ उमटते. रेघ सपाट आली, माल पास. रेघेला शेंडा फुटला की संपलं. पंपात एवढासा बुडबुडा शिरला तरी हे रुसून बसतं, मग नळ्या धुवा, आंजारा, गोंजारा… बायको म्हणते, "माझं डोकं दुखतं तेव्हा कुठे असता हो?" खरंय तिचं. पण मशीन खोटं बोलत नाही.

तर त्या दिवशी एक काकू बाहेर बाकावर बसलेल्या. त्यांची ट्रकभर ढोबळी मिरची दारात उभी. रिपोर्ट चांगला आला तर पुढे जाणार, नाहीतर सगळी खड्ड्यात पुरायची. आणि रेघेला हा एवढा शेंडा! काकू म्हणाल्या, "अहो, ते औषध आम्ही घरात आणलंसुद्धा नाही." असं सगळेच म्हणतात हो. पण त्यांचा आवाज इतका बारीक झाला की म्हटलं, एकदा तपासून तर बघू. मी आमच्या धुतलेल्या बाटलीत नुसतं शुद्ध पाणी घेतलं आणि सोडलं मशीनमध्ये. तर पाण्यालाही शेंडा. आता बोला, पाण्यावर कोण फवारतं?

साहेब आले. त्यांचं उत्तर तयारच असतं, "मशीन बिघडलंय."

म्हटलं, साहेब, मशीन खोटं बोलत नाही.

"मग काय पाणी खोटं बोलतं?" आणि बोलता बोलता टेबलाखाली वाकून म्हणतात कसे, "बाकी मुंग्या गेल्या हां! काल तुम्ही गेल्यावर अख्खा डबा फवारला मी."

कुठे? तर बाटल्या वाळत घातलेल्या, बरोबर तिथे. कीटकनाशक शोधायच्या खोलीत कीटकनाशक!

मग काय, फ्रीजरमध्ये बंद ठेवलेली उरलेली मिरची काढली, पलीकडच्या खोलीत नव्या बाटल्यांत नवा अर्क केला, नळ्या धुतल्या, आणि आधी पाणी सोडलं. सपाट. मग मिरची. काकू दारातून डोकावतायत, साहेब पडद्याला नाक लावून… सपाट! इस्त्री केल्यासारखी रेघ. बघा, मशीन खोटं बोलत नाही म्हणतो ते उगाच नाही. खरं सांगतो, इतका आनंद मला माझ्या परीक्षेत पास होऊनही झाला नव्हता.

रिपोर्टवर सही झाली. काकूंनी डोळे पुसले, आत आल्या, माझ्या शेजारून सरळ पुढे गेल्या आणि मशीनला हात जोडले. मग माझ्याकडे वळल्या. म्हटलं, चला, आता आपली पाळी.

"दादा," काकू म्हणाल्या, "गल्ली अरुंद आहे. तेवढा ट्रक मागे घ्यायला उभे राहता का?"

राहिलो. पांढऱ्या कोटात, भर रस्त्यात, हात हलवत… येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…