खालच्या आळीतला दहावा

...नाही, मला सांगा, गाळा त्याचा म्हणून आमची तोंडंही त्याचीच का? कोलशेतात पहिलं सायबर कॅफे कोणी टाकलं? मी. गावाची वेबसाईट कोणी काढली, खाडीच्या फोटोसकट? मी. त्यात गेस्टबुक ठेवलं, म्हणजे कोणीही या, दोन ओळी लिहा, जगात कुठेही वाचा, ते कोणी? मीच! आणि लोकांनी काय लिहावं? "खालच्या आळीत पाणी येत नाही." एकाखाली एक, नुसतं पाणी, पाणी, पाणी...

झालं. आमचे नगरसेवक दामाजीशेठ, गाळ्याचे मालकही तेच, दारातनंच म्हणाले, "पंढरी, त्या कॉम्प्युटरवर पाणी दिसलं तर गाळा खाली कर." आता तुम्हाला सांगतो, आपण कुणाला घाबरत नाही. ताठ मानेनं बसलो आणि ताठ मानेनं सगळं पाणी पुसून टाकलं.

पण लोक ऐकतायत होय? दुसऱ्या दिवशी, "नळ रुसून माहेरी गेलाय." शेठ म्हणाले, नळ बंद. मग, "आमच्या हंड्यात कोंबडी बसते, गावठी अंडी मिळतील." हंडा बंद! मग कोणीतरी नुसतं लिहिलं, "आमच्याकडे ते आलंच नाही." तर शेठ काय म्हणतात, "ते म्हणजे काय ते मला कळतं, 'ते' पण काढ." अहो, 'ते' काढून मराठी बोलून दाखवा! मी काढलं. घाबरून नाही हां, आपण कुणाला घाबरत नाही, पण पोरांच्या शाळेची फी त्या गाळ्यातनंच निघते ना.

आणि मग आली खालच्या आळीतली शेवंतीकाकी. आयुष्यात कीबोर्डला हात लावला नाही, खुर्चीत बसून मला सांगते, "पंढरी, लिव. खालच्या आळीचा आधार जेला. पहाटं सगल्यांना उठवायचा. आयतवारी दहावा हाय."

मी विचारलं, नाव काय लिहू? तर म्हणे, नाव नको, नाव लिहिलंस तर तुझा गाळा जाईल. लिहिलं. पाणी नाही, नळ नाही, हंडा नाही, काय पुसणार?

आता आमच्याकडे दहाव्याला आमंत्रण नसतं, कळलं की जायचं. शेठ तर एक दहावा चुकवत नाहीत, आणि गेला कोण हे विचारत नाहीत, कारण मतदाराला ओळखलं नाही असं कसं दाखवायचं? रविवारी पांढरे कपडे घालून हजर. समोर पाटावर काहीतरी उभं, वरून झेंडूच्या हारांनी पार झाकलेलं. शेठनी हात जोडले आणि नेहमीचं भाषण सुरू. "लहान-थोर सगळ्यांची तहानभूक जाणणारा हा माणूस... अशी माणसं पुन्हा होणे नाही... त्यांचं अपुरं राहिलेलं काम मी स्वतः पूर्ण करीन!"

काकीनं हार बाजूला केले. खाली नळ. गंजलेला, खुद्द आळीतला, उपटून आणलेला.

कोणी हसलं नाही हो, दहाव्याला हसतात का? काकी एवढंच म्हणाली, "शेठ, दहाव्याला दिलेला शब्द हाय. आता पुरा करा." मी मागे झाडाला चिकटून उभा, पण ते उन्हामुळे. आज गाळा गेला, हे मी मनात धरूनच चाललेलो. शेठ माझ्याकडे बघतायत, मी आभाळाकडे बघतोय. शेवटी त्यांनी नळाला नमस्कार केला आणि निघून गेले. दहाव्याचा शब्द मोडला तर पुढच्या दहाव्यात उभं कोण करणार त्यांना?

पाणी आलं. धो धो आलं! गाळाही राहिला, काढणार कुठल्या तोंडानं? पण वेळ बघा ना पाण्याची. बरोबर संध्याकाळी, माझ्या धंद्याच्या टायमाला! सगळे कॉम्प्युटर मोकळे, मी एकटा पंख्याखाली. गेस्टबुकात चांगली सणसणीत तक्रार लिहिणार होतो, तुम्हाला सांगतो, आपण कुणाला घाबरत नाही... पण वाचणार कोण? सगळे पाणी भरतायत.