नीलमाचा गुण

नीलम घ्यायला निघालात ना? आधी माझं ऐका, मग सोनाराकडे जा.

आमच्या ह्यांना साडेसाती सुरू झाली म्हणून सासूबाईंनी नीलमाची अंगठी करून आणली. शनिवारी सकाळी आंघोळ झाल्यावर ती ह्यांच्या मधल्या बोटात घातली. दुपारी हे केळीच्या मळ्यातून घरी आले ते छाती चोळतच. अंगभर घाम, डावा हात जड. मी म्हटलं, दवाखान्यात चला. तर सासूबाई हरखून म्हणाल्या, “घाबरू नको. हाऊ नीलम शे, लागलीच गुण दखाडस. शनी निंघी ऱ्हायना!”

म्हणे शनी निघून जातोय! आणि हेही पडल्या पडल्या मान डोलावतात! माझं डोकंच फिरलं. ह्यांना धरून गाडीत कोंबलं आणि म्हसावदहून शहाद्यापर्यंत मीच गाडी पळवली. तोवर मी कधी गावाबाहेर गाडी नेली नव्हती. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, हार्ट अटॅक आहे, थोडा उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं.

हे बरे होऊन घरी आले. भेटायला आलेला जो तो अंगठीला हात लावून नमस्कार करतो आणि म्हणतो, “नीलमनी वाचाडं!” डॉक्टरचं नावसुद्धा कुणी काढत नाही, माझं तर सोडाच. शेवटी मी सगळ्यांसमोर विचारलं, “गाडी काय नीलमनी चालाडी का?”

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “मंग तुले गाडी चालाडानी बुद्धी कोनी दिन्ही?”