कंबरभर पाणी

मी मूळचा दापोलीकडचा, जातीचा खारवी, आजा होडीवर, बाप होडीवर, म्हणून मी नेव्हीत गेलो तर कुणाला नवल वाटलं नाही. नवल आता वाटतं, मुलगा रेल्वेत म्हणून म्हातारपणी जयपुरात येऊन पडलोय, आणि इथं समुद्र सोडा, काय सांगू तुम्हाला, धड नदी नाही.

माझं जहाज रणगाडे वाहायचं. महायुद्धातलं, जुनं, बूड परातीसारखं सपाट, थेट किनाऱ्याला लागायचं, पुढचा दरवाजा उघडायचा की रणगाडे, जवान सगळे खाली. पण डुलायचं फार, इकडचे जवान ओकून ओकून आडवे व्हायचे. त्यातला एक भंवर, इथल्याच, जयपुरातल्या झोटवाड्याचा, समुद्र पहिल्यांदाच बघत होता, मला म्हणाला, दादा, मला पोहता येत नाही, पाणी किती ते खरं सांगशील ना. मी म्हटलं, अरे, माझं कामच ते.

कामच ते, बरं का, शिसं बांधलेली दोरी टाकून पाणी मोजायचं. एकाहत्तरच्या लढाईत जहाज वाळूला टेकलं, दरवाजा उघडला, मी दोरी टाकली आणि ओरडलो, कंबरभर. ते पाणी वाळूच्या बांधावरचं. बांधापलीकडे खोल असतं हे आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल, पुढं आणखी एकदा दोरी टाकायची असते, साहेब घाई करत होते, मी नाही टाकली. साहेबांना कशाला बोल लावू, दोरी माझ्या हातात होती. भंवर माझ्याकडे बघून हसला, पाठीवरच्या ओझ्यासकट उतरला, चार पावलं दिसला, मग नाही.

जहाज पुढं बरीच वर्षं चाललं, अंदमानला धान्य नेलं, पुरातली माणसं आणली, शेवटी भंगारात गेलं. ते सुटलं, मी नाही सुटलो.

इथं आलो तर झोटवाड्याच्या बाजारात पाणपोई, हे लोक प्याऊ म्हणतात, गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी पाजायची रीत आहे इथं. वर हार घातलेला फोटो, भंवरचा. माठांपाशी त्याची बायको, आता म्हातारी. विचारलं, कसे गेले, तर म्हणाली, लड़ते लड़ते गए, तशी चिठ्ठी आली होती. मतलब, तिला कुणी सांगितलंच नाही. तीन उन्हाळे झाले, आज सांगायचंच असं ठरवून रोज जातो, ती ओंजळीत पाणी ओतते, मी पितो आणि परत येतो. सांगितलं तर माझं ओझं उतरेल हो, पण तिचा लढून गेलेला नवरा मी पुन्हा बुडवायचा का?

काल तिथंच चक्कर आली. तिनं बाकावर बसवलं, डोक्यावर ओला फडका ठेवला, म्हणाली, भाईसाब, रोज इतनी दूर से आते हो, हमारे पानी में ऐसा क्या है? तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, मीठा है. तिनं डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, सौ बरस जियो.

आणि बघा, जगतोय.