चेन खाली येईना

(सुप्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत एक वस्ती. दुपार. न्हाणीघराचं दार आतून लावलेलं. बाहेर सासू चांगुणाबाई, आत सून निकिता.)

चांगुणा : आगं पर कडी कशाला लावलीस? घरात हाय कोन?

निकिता : आई, तुम्ही साखरपुड्याला थांबणार होतात ना? एवढ्यात कशा आलात?

चांगुणा : गुडघं आखडलं. शेजारच्या सूर्यभानचा टेम्पो निघाला हुता पारनेरवरनं, त्यात बसून आले. तू डोकं दुखतंय म्हनून मागं राह्यलीस, म्हनलं बघावं. तर कांदाचाळीत ते निळं येवढं मोठं काय टांगलंय? लांब लांब दोऱ्या लोंबत्यात त्याला. मांडववाल्याचं हाय का?

निकिता : माझं आहे.

चांगुणा : तुझं? बरं. भाईर तर ये.

निकिता : येता येत नाही. कपड्यात अडकलेय मी.

चांगुणा : कपड्यात? उघड दार.

निकिता : उघडते. पण ओरडू नका. आणि कुणाला हाका मारू नका.

चांगुणा : न्हाई मारत. उघड... आगं बया! हे काय घातलंय? मानेपासनं घोट्यापत्तूर काळं! टायरची ट्यूब का काय?

निकिता : रबराचा सूट आहे, पाण्यात घालायचा. पाठीवर चेन आहे बघा. तिला ही नाडी. नाडी ओढली तशी चेन वर गेली, आता खाली येईना. माझा हात पोचत नाही तिथं. आई, श्वास कोंडतोय माझा.

चांगुणा : वळ बघू. जाम बसलीय की. अन् चेनच्या दातांवर हे पांढरं काय धरलंय?

निकिता : मीठ.

चांगुणा : मीठ कुठलं?

निकिता : समुद्राचं.

चांगुणा : ...थांब. खोबरेल आनते.

निकिता : तेल नको! तेलानं रबर खराब होतं. मीठ पाण्यानंच सुटेल. सोलरचा नळ सोडा आणि तांब्यानं पाठीवर ओता. कोमट करून.

चांगुणा : वाक. ...समुद्राचं मीठ हितं कसं आलं, ते सांग आधी.

निकिता : मागच्या महिन्यात कंपनीच्या कामाला चेन्नईला गेले होते ना?

चांगुणा : व्हय. चार दिस.

निकिता : काम दोनच दिवसांचं होतं. बाकीचे दिवस मी रामेश्वरला होते.

चांगुणा : देवाच्या रामेसरला? अन् मला न सांगता? मी किती वर्सं झाली म्हनतीय, एकदा रामेसर घडू दे. दर्शन झालं का?

निकिता : देवळात गेलेच नाही. पाण्यावर होते. ते चाळीतलं निळं आहे ना, तो पतंग आहे. त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायाखाली फळी घ्यायची. वारा पतंगाला ओढतो आणि पतंग आपल्याला. पाण्यावरून सुसाट.

चांगुणा : अन् बुडलीस म्हंजी?

निकिता : पोहता येतं मला. लग्नाआधी चेन्नईला नोकरीला होते तेव्हा सुटी मिळाली की तिकडंच पळायचे.

चांगुणा : रवीला ठावं हाय?

निकिता : तेव्हाचं माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, आता हे बास. मी हो म्हटलं. सगळं विकून टाकलं असं वाटतं त्यांना. मैत्रिणीकडं ठेवलं होतं मी. आता ती परदेशी निघाली. टाकून देववेना, म्हणून घेऊन आले.

चांगुणा : म्हैनाभर कुठं लपावलंस?

निकिता : विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, ठिबकच्या नळ्यांमागं. खाऱ्या पाण्यातून आलं की लगेच गोड्या पाण्यानं धुवायचं असतं सगळं. पतंग, दोऱ्या, चेन, पट्टा. नाहीतर मीठ सुकतं आणि आतून खात जातं. पण धुणार कुठं? घरात कुणी ना कुणी असतंच. आज पहिल्यांदा घर रिकामं मिळालं.

चांगुणा : अन् धुवायचं सोडून अंगात घातलंस व्हय?

निकिता : एकदा घालून बघावंसं वाटलं. एकदाच.

चांगुणा : नीट हुबी ऱ्हा. ओढते. ...न्हाई, हलंना. मान किती आवळलीय गं! तोंड लाल झालंय तुझं. कात्री आनते मी.

निकिता : कात्री नको!

चांगुणा : जीव मोठा का रबर मोठं?

निकिता : नको म्हणते ना आई! माझं म्हणून एवढंच उरलंय.

चांगुणा : येवढंच? अन् हे घर? आमी काय वाईट केलं तुझं?

निकिता : काही नाही. तुम्ही नाही, यांनी नाही. कुणी वाईट वागलं असतं तर भांडले असते. तुम्ही डबा भरून देता. हे कंपनीच्या गेटपर्यंत सोडतात, सुटायच्या आधीच येऊन उभे राहतात. पावसात सुद्धा चुकत नाहीत. कधीकधी वाटतं, चुकावेत. गेटबाहेर यावं आणि कुणीच नसावं. त्या वेळी परत येताना रामेश्वरला गाडी फलाटाला लागली होती. तिकीट हातात होतं. मी बाकावर बसून राहिले. गाडी निघून गेली.

चांगुणा : मग?

निकिता : मग काय. नंतरच्या गाडीनं आले.

चांगुणा : गाडी लेट झाली म्हनली हुतीस तवा. मी भाकरी झाकून ठिवली हुती.

निकिता : हो. खाल्ली मी ती.

चांगुणा : ...मान वाकव. आजून पानी वतते. पक्कड लागंल ह्याला. कुठं ठिवतो रवी? तुझा मोबाईल दे हिकडं.

निकिता : त्यांना नका सांगू.

चांगुणा : पक्कड इचारायला काय हुतंय? ...हां, रवी?

रविराज : (फोनवर) पोचलीस का आई? गुडघा कसाय?

चांगुणा : हाय बरा. पक्कड कुठं ठिवलीस रं?

रविराज : कशाला?

चांगुणा : न्हानीतला नळ जाम झालाय.

रविराज : तू हात लावू नको. तोटी तुटली तर टाकी रिकामी होईल सगळी. निकिता उठली का?

चांगुणा : हितंच हाय.

रविराज : डोकं थांबलं का तिचं? पडून राहा म्हणावं. पक्कड माझ्या बाईकच्या डिकीत आहे. निघालोच मी.

चांगुणा : आरं नको, सावकाश ये. जेवून ये.

रविराज : झालंय जेवण. आलोच.

निकिता : येतायत?

चांगुणा : निघाला.

निकिता : झालं मग. संपलं.

चांगुणा : रडू नको. रडलीस की छाती फुगती, आनखीच आवळतं. श्वास सोड. समदा सोड. खांदं मागं घे, येकमेकाला भिडव. साबन कुठंय?

निकिता : कोनाड्यात. आई, मला—

चांगुणा : बोलू नको. साबन लावलाय. नाडी ऱ्हाऊ दे, ही चेनची जीभच धरते चिमटीत. एकदा वर, एकदा खाली. वर, खाली. ...सरकली!

निकिता : थांबू नका.

चांगुणा : आली, आली. कमरंपत्तूर आली. काढ ते अंगावेगळं. आगं, मानंला वळ उठल्यात की गं.

निकिता : बसते जरा खाली.

चांगुणा : बस. ह्यो गाऊन घाल. ...आता ह्याचं काय करायचं असतं?

निकिता : उलटं करून गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. मग सावलीत टांगायचं. उन्हात रबर तडकतं.

चांगुणा : हौदात टाकते. ...निकिता.

निकिता : काय?

चांगुणा : परत सोडशील का गाडी?

निकिता : माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही.

चांगुणा : मग येक कर. सोडायची असली तर आधी मला फोन कर. भाकरी झाकून बसायला लावू नको.

निकिता : करीन.

चांगुणा : ...फटफटी वाजली. त्योच हाय. ऊठ, ते निळं उतरवू चाळीतनं. दोघी धरून गुंडाळू अन् टाकू मोटारीच्या खोलीत.

निकिता : नको.

चांगुणा : आगं, फाटकातनं आत आला की पैलं तेच दिसंल त्याला!

निकिता : दिसू दे. ओलं गुंडाळलं तर कुजतं ते.