चौकातली मूठ

—छे हो, बसा, ती अजून तासभर तरी यायची नाही. केस करून घ्यायला गेलीये. पाटीचं अनावरण परवा, पण बाईसाहेबांची तयारी आजपासून! साठी उलटली तरी नखरे तेच. मी थोरली बहीण. नको, माझा फोटो नको.

तर तुमच्या नगरपालिकेनं ठरवलं, चौकातल्या ‘वाट पाहणारी’च्या पुतळ्याखाली जिच्यावरून तो केला तिचं नाव लावायचं. लावा की! चेहरा तिचाच आहे, मी कुठे नाही म्हणते? नाक तिचं, मान तिची— पण हात? मांडीवरचा तो हात नीट बघितलात कधी? अख्खं शहर परीक्षेला जाताना ती मूठ चोळून जातं, चोळून चोळून सोन्यासारखी लख्ख झालीये— ती माझी आहे. हो, माझी! हे बघा, अंगठ्याचं पेर वाकडं आहे ना? जाऊन ताडून बघा.

झालं काय, धाकटीला मेलीला नखं कुरतडायची सवय. शिल्पकार म्हणाले, हे हात चालायचे नाहीत— ताई, तुम्ही द्याल का हात? ताई! माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माणूस— जाऊ दे. आई मला रोज तिच्याबरोबर पाठवायची, राखण म्हणून. तीन महिने कोपऱ्यातल्या स्टुलावर विणत बसले. तो तिच्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे— म्हणजे कामाकडे हो, त्यांच्या कामाकडे. माझ्या हाताला त्यांनीच तेल लावलं, एकेका बोटाला. मग पंजा उघडा ठेवून त्यावर ओलं प्लॅस्टर ओतलं. म्हणाले, घट्ट होताना तापेल, पण हलायचं नाही. नाहीच हलले मी. ते हात धुऊन वळले, धाकटीच्या गालावर प्लॅस्टरचा ठिपका उडाला होता, तो अंगठ्यानं पुसला. एवढंच. पुसून झाला, तरी अंगठा तिथेच. माझी बोटं कधी मिटली, मला कळलंसुद्धा नाही.

साच्याचे दोन तुकडे करून हात सोडवला, तर मूठ! मला वाटलं, आता पुन्हा करतील, पुन्हा तेल लावतील— कुठलं काय! ते बघतच राहिले. हेच हवं होतं म्हणाले, आणि धावले तिला दाखवायला. पुढच्या महिन्यात दोघांचं लग्न. आणि ते प्राध्यापक लोक लिहितात, त्या मुठीत विरहातला संयम आहे म्हणे. संयम? डोंबलाचा संयम! जळत होते मी. सख्ख्या बहिणीवर जळत होते. तो जाऊन नऊ वर्षं झाली, आम्ही दोघी या दोन खोल्यांत एका ताटात जेवतो, तरी ती आरशासमोर उभी राहिली की अजून—

अहो, हे लिहिताय काय? खोडा! आधी खोडा ते.

जिन्यात पावलं वाजली, ऐकलंत? लवकरच आली बया. वही मिटा. तिच्यापुढे मुठीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, सांगून ठेवते. तिला वाटतं, प्लॅस्टरनं माझा हात भाजला म्हणून बोटं मिटली— आणि भाजला तो तिच्या कुरतडलेल्या नखांपायी. चाळीस वर्षं झाली, हात मांडीवर घेऊन मलम चोळत बसते वेडी. अजून दुखतं का गं, विचारते. आणि मी— मी दुखतं म्हणते.

तिचंच नाव घाला. उठा आता, निघा.